धामणबंदरच्या सड्यावर, एकटीच

एकटीनं कुठं जायचं नाही असा माझा काही नेम नव्हता. तशी वेळच आली नव्हती. आई होती तोवर तिला सोडून जाता येत नसे, आणि आई गेल्यावर वर्षभर कुठं जावंसंच वाटलं नाही. मग नोकरीतूनही निवृत्त झाले.

पुण्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी चष्म्याचे नंबर काढत असे. अंधारी खोली, समोर वीस फुटांवर अक्षरांचा तक्ता, खुर्चीत माणूस. त्याला म्हणायचं, लांब बघा. उभा जन्म लोकांना लांब बघायला सांगितलं आणि माझी स्वतःची नजर त्या तक्त्यापलीकडे क्वचित गेली. तेव्हा एकदा खरंच लांब, जिथं नजर कशालाच अडत नाही असं काहीतरी बघावं, असं मनात होतं. दवाखान्यातली माझी मैत्रीण शैला धामणबंदरला जाऊन आली होती. गुहागरच्या पुढचं छोटं गाव. वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं मोकळं पठार, त्याच्या टोकाला कडा, कड्यावरून दिसणारा समुद्र आणि खाली उतरायला पायवाट. "एकदा बघच," असं ती येता-जाता म्हणायची. या वेळी आम्ही दोघींनी जायचं ठरवलं, स्वारगेटहून एसटीची तिकिटंही काढली. आदल्या दिवशी तिचा फोन आला. सुनेचे दिवस भरत आले होते, डॉक्टरांनी लवकर बोलावलं होतं.

"तू पण रद्द कर. नंतर जाऊ," ती म्हणाली.

मी फोन ठेवला आणि पिशवी भरली. नातू झाल्यावर शैला पुढची दोन-तीन वर्षं आमच्या बिबवेवाडीच्या बाहेर पडणार नाही, हे मला कळत होतं.

शुक्रवार

प्रवासाचं फार सांगत नाही. कुंभार्ली घाट उतरताना हवा बदलते, अंगाला जरा चिकटते, आणि चिपळूणला चहात साखर वाढते. गुहागरहून पुढं सहा आसनी रिक्षात आम्ही दहाजण होतो. मला सोडून सगळे एकमेकांच्या ओळखीचे. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठं चाललात?" मी सांगितलं. "कोणाकडे?" मी म्हटलं, कोणाकडेच नाही, समुद्र बघायला. यावर तिनं मान डोलावली, पण समजल्यासारखी नाही. पुण्यात आमच्या इमारतीत मी पिशवी घेऊन जिना उतरले तेव्हा दोघं भेटले. दोघांनीही विचारलं नाही. आमच्याकडे ते सभ्यपणाचं लक्षण आहे.

धामणबंदरला बाजारपेठेच्या नावावर चार दुकानं आणि एक मारुतीचं देऊळ. राहायची सोय करणारी घरं मात्र बरीच. पहिल्या घराच्या ओटीवर एक गृहस्थ पेपर वाचत होते. त्यांनी माझ्या मागं पाहिलं.

"बाकीचे?"

"मी एकटीच आहे."

"मग जागा नाही."

"आत तीन खोल्यांना बाहेरून कड्या आहेत," मी म्हटलं.

"त्या फॅमिलीसाठी."

दुसऱ्या घरी तर बाईंनी पिशवी खालीसुद्धा ठेवू दिली नाही. सत्तावन्न वर्षांच्या, केस पांढरे झालेल्या बाईच्या चारित्र्याची या लोकांना काय काळजी पडली असेल, असं मनात येऊन माझे कान तापले. उन्हात चढ चढून मी शेवटच्या घराशी आले. हे घर गावाच्या वर, सड्याला लागून होतं. अंगणात सुपाऱ्या वाळत घातलेल्या आणि फाटकाला 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशी हातानं रंगवलेली पाटी. घरमालक अनंतराव. त्यांनीही "एकट्याच?" म्हणून विचारलं आणि बायकोला हाक मारली.

मंदावहिनी हात पुसत बाहेर आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, गुडघ्यांनी जरा वाकलेल्या. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे इतका वेळ पाहिलं की मीच नजर वळवली. दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघण्यात माझा जन्म गेला, माझ्या डोळ्यांत असं कोणी पाहत नसे.

"घरी कोन कोन असतं?"

"मीच असते."

"मालक?"

"लग्न केलं नाही."

"मंग कोनाचातरी फोन नंबर द्या. तुमचं मानूस असंल त्याचा."

मी पर्स उघडली आणि तशीच उभी राहिले. शैलाचा देता आला असता, पण ती म्हणजे काही 'माझं माणूस' नव्हे असं मला वाटलं. शेवटी हैदराबादच्या भाच्याचा दिला. त्यावर तो फोन उचलेल की नाही, मला ठाऊक नव्हतं. वहिनींना मात्र तेवढ्यानं बरं वाटलेलं दिसलं.

समुद्राकडे तोंड असलेली खोली रिकामी होती, पण मला दिली ती स्वयंपाकघराला लागून असलेली. खिडकीतून दिसत होती म्हैस. दाराला आतून कडीही नव्हती. विचारलं तर अनंतराव म्हणाले, "मोडलीय," आणि दुसरीकडे बघू लागले.

जेवण मात्र असं की सगळा राग विरघळला. उकड्या तांदळाचा भात, कुळथाचं पिठलं, वाल घातलेली वांग्याची भाजी, वाटीत सोलकढी. वहिनी समोर बसून वाढत होत्या. पुण्यात मी वर्षभर ओट्याशी उभी राहून जेवत आले होते. एकटीसाठी पाट-पाणी कोण मांडणार. इथं घास घेताना कोणी बघतंय, यानंच मला अवघडल्यासारखं झालं.

"उद्या कुठं?" वहिनींनी विचारलं.

"कड्यावर. मग खाली पुळणीवर उतरेन, वाळूत."

त्यांनी अनंतरावांकडे पाहिलं. अनंतरावांनी ताटाकडे.

शनिवार

सकाळी निघाले तर वहिनी विळा आणि दोरी घेऊन फाटकात उभ्या. "मना पन गवत आनायचं हाय तिकडंच," म्हणाल्या. मी पुढं चालू लागले.

थंडीच्या दिवसांत सडा सोनेरी होतो. पावसाळ्यातलं गवत कमरेइतकं वाढून वाळलेलं असतं आणि मध्येमध्ये काळा कातळ उघडा पडलेला. झाड नाही, घर नाही. चालता चालता पठार एकदम संपलं आणि खाली, पलीकडे, डावीउजवीकडे समुद्रच होता. मी कड्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. खाली अर्धचंद्रासारखी पांढरी पुळण, तिच्यामागं सुरूची गर्द रांग, उत्तरेला खाडीचं मुख आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या, पाकोळीएवढ्या दिसणाऱ्या होड्या. आणि समोर ती रेघ, पाणी आणि आकाश जिथं शिवलेलं असतं ती. एक समुद्रगरुड आमच्या पायांच्या खालच्या उंचीवर तरंगत होता. पक्ष्याची पाठ मी आयुष्यात पहिल्यांदा वरून पाहिली.

शेजारी कोणीतरी असतं तर मी "अगं, बघ" म्हटलं असतं. ते दोन शब्द तोंडात तयार झाले आणि तिथंच राहिले. आई असती तर म्हणाली असती, कठड्याला रेलू नकोस, पँटला माती लागेल.

इतक्यात साताऱ्याकडचं एक मोठं कुटुंब आलं. गलका झाला. "काकू, आमचा एक फोटो काढता का?" एकाचे पाच झाले. सगळे, मग फक्त बायका, मग आजोबांना मध्ये घेऊन. मी मोबाईल परत केला. त्यांनी आभार मानले, भडंगाची पुडी हातावर ठेवली आणि गाडीत बसून गेले. माझा फोटो काढू का, असं कोणाला सुचलं नाही. मलाही विचारायला सुचलं नाही. पुन्हा शांतता पसरली. वळून पाहिलं तर वहिनी दहा पावलांवर बसलेल्या. विळ्याला गवताची काडी लागलेली नव्हती.

"वहिनी, तुम्हाला गवत कापायचं होतं ना?"

"कापते की."

"मी इथं बसले तर चालेल ना? की त्यालाही फॅमिली लागते?"

त्यांना टोमणा कळला. चेहरा पडला, पण त्या उठल्या नाहीत. मी पुळणीकडे जायची वाट विचारली तर म्हणाल्या, "आज नको. उद्या हे येतील तुमच्यासंगट." दुपारपर्यंत त्या सावलीसारख्या माझ्या मागं होत्या. मोकळ्या आभाळाखालीही कोणीतरी पहारा देतंय म्हटल्यावर मला घुसमटल्यासारखं झालं.

जेवणानंतर त्या जरा आडव्या झाल्या, अनंतराव म्हशीला घेऊन गेले, आणि मी चपला हातात घेऊन मागच्या दारानं निघाले. शाळेतून पळाल्यासारखं वाटत होतं. कोणाला सांगितलं नाही.

खाली उतरणारी वाट म्हणजे पाखाडी, जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्या. वरच्या पायऱ्या शाबूत, खालच्या पावसानं खचलेल्या. दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या. काही ठिकाणी बसून, हात टेकून उतरावं लागलं. दर वळणाला लाटांचा आवाज मोठा होत गेला, मग केवड्याचं बन लागलं, आणि त्यातून वाकून बाहेर पडले ती थेट वाळूवर.

पुळणीवर एकही माणूस नव्हतं. ओहोटी होती. ओल्या वाळूवर बारक्या खेकड्यांनी वाळूचे मण्यांएवढे गोळे करून रांगोळ्या काढल्या होत्या. मी त्या मोडू नयेत म्हणून वाट काढत चालले. पाण्यात पाय बुडवले. थोडं गायलेसुद्धा, जे मी कोणासमोर गात नाही. मग दक्षिणेच्या टोकाला गेले. तिथं खडकांची एक सोंड समुद्रात शिरते. तिच्यावरून पलीकडे गेलं की आणखी एक चिमुकली पुळण आहे, खोलीएवढी. तिथं खडकाला टेकून बसले.

किती वेळ बसले ते सांगता येणार नाही. सुरुवातीला बरं वाटत होतं. मग उन्हं कलली आणि मनात एक हिशेब सुरू झाला. मी इथून परत गेलेच नाही तर ते कोणाला, केव्हा कळेल? दूधवाल्याला कळलं असतं, दारात पिशव्या साठल्या असत्या. पण त्याला मीच सांगून आले होते, येऊ नकोस म्हणून. शैला बाळंतपणात. भाचा दिवाळीला फोन करतो, आणि दिवाळी होऊन गेली होती. मला मरायचं नव्हतं. मी फक्त हिशेब करत होते, आणि उत्तर येत होतं ते असं की बरेच दिवस कोणालाच कळणार नाही. हे मला पुण्यातही माहीत होतं. पण तिथं रिक्षा, कुकर, मार्केट यार्डाकडे जाणारे ट्रक यांच्या आवाजात ते ऐकू येत नसे.

उठले तेव्हा भरती लागली होती. सोंडेवरची वाट पाण्याखाली गेली होती. फार खोल दिसत नव्हतं, म्हणून मी तशीच शिरले. पाणी गुडघ्याला, मग मांडीला. मध्यावर पोचले आणि एक लाट बाजूनं आली. मी पडले, नाकातोंडात खारं पाणी गेलं. खडक धरून उठले तेव्हा सगळं जग विरघळलेलं होतं. चष्मा गेला होता.

माझा नंबर उणे नऊ. हाताच्या पंजापलीकडचं काही मला चष्म्याशिवाय नीट दिसत नाही. प्रवासाला जाताना दुसरा चष्मा जवळ ठेवा, हे मी रोज खुर्चीतल्या प्रत्येकाला सांगत असे. माझा दुसरा चष्मा बिबवेवाडीला कपाटात होता.

चाचपडत मी एका उंच खडकावर चढले आणि बसले. समोर सूर्य म्हणजे एक तांबडा डाग. खडक कुठला, पाणी कुठलं, काठ कुठं, काही कळेना. पाणी मात्र चढत होतं. आधी पावलं ओली झाली, मग घोटे. मोबाईल भिजून बंद पडला होता. मी ओरडले. लाटांपुढे तो आवाज मलाच ऐकू आला नाही. आणि तेव्हा मला इतकं स्वच्छ कळलं की मला जगायचंय. कोणासाठी, कशासाठी, असलं काही नाही. नुसतं.

मग वरून कुठूनतरी हाक आली. "ओ बाय. पुन्याच्या बाय."

मी पुन्हा ओरडले. हाक खाली खाली येत गेली, मध्येच थांबे, पुन्हा येई. शेवटी अगदी जवळून वहिनींचा आवाज आला, धापा टाकत, "तितंच बसा. हलू नका."

"वहिनी, मला दिसत नाही. चष्मा गेला."

पाण्यात कोणीतरी शिरल्याचा खळखळाट झाला. मग त्या म्हणाल्या, "माज्या आवाजाकडं या. मी पान्यात हाय. हलू हलू या. डाव्या हाताला कालवं हायत, शिंपा कापतील. उजवीकडं पाय टाका. हां. असं."

मी खडकावरून उतरले. पाणी कमरेवर आलं. आवाज बोलत राहिला, मी त्याच्याकडे चालत राहिले. एक लाट आली तेव्हा बसले, ती गेल्यावर उठले. मग एक ओला, खरखरीत हात माझ्या मनगटाला लागला आणि त्यानं इतकं घट्ट धरलं की त्याचे वळ दुसऱ्या दिवशीही होते. त्यांच्या मागं अनंतराव बांबू घेऊन उभे होते. दोघांनी मला ओढत वाळूवर आणलं.

वाळूवर वहिनी खाली बसल्या आणि त्यांनी मला झापलं. आईनंतर असं कोणी झापलं नव्हतं. "सांगून जायला काय झालं होतं? तोंड नव्हतं? घरभर शोधलं, सड्यावर शोधलं. कड्यावरून खाली वाकून बघितलं मी. काय बघायला लागंल म्हनून डोळं मिटून वाकले." आणि त्या रडायलाच लागल्या.

अनंतराव हळू आवाजात म्हणाले, "गेल्या साली एक पाहुना आला होता. एकटाच."

मग वहिनींनीच सांगितलं. पाहुणा मध्यमवयीन, चांगल्या घरचा. रात्री पोटभर जेवला, ताक मागून घेतलं, वहिनींच्या हाताला चव आहे म्हणाला. सकाळी अंघोळ करून, समुद्र बघून येतो म्हणून निघाला. तो कड्यावरूनच गेला. तेव्हापासून गावात एकट्या माणसाला कोणी खोली देत नाही. "आमी देतो," वहिनी म्हणाल्या. "नाय दिली तर तो मानूस जानार कुठं? जायचं तिकडंच जानार. घरात असला तर निदान बघता तरी येतं." माझ्या दाराची कडी मोडलेली नव्हती. त्यांनीच ती काढून ठेवली होती.

"मी मरायला आले नव्हते, वहिनी."

"मना कसं कळनार वो? त्याच्या पन तोंडावर काय नव्हतं."

 दुपारचा तो हिशेब त्यांना सांगावा असं वाटलं, पण सांगितला नाही. त्यांचा हात मात्र मी सोडला नव्हता. त्यांनीही सोडवून घेतला नाही. अंधार पडायच्या आत आम्ही पाखाडी चढलो. पुढं अनंतराव, मध्ये मी, मागं त्या. गुडघे धरून त्या दर पायरीला कण्हत होत्या. दोन वर्षांत त्या खाली उतरल्या नव्हत्या, हे मला घरी पोचल्यावर कळलं.

रविवार

सकाळी वहिनींनी घरातले होते नव्हते तेवढे चष्मे माझ्यापुढं आणून ठेवले. अनंतरावांचा, गेलेल्या सासऱ्यांचा, शेजारणीचा एक. मी एकेक लावून पाहिला. सगळे जवळचं वाचायचे. सासऱ्यांचा लावल्यावर वहिनींचा चेहरा आणखीच पसरला आणि मला हसू आलं. त्याही हसल्या. न्याहारीला घावन आणि नारळाचा रस होता. घावन कसा दिसतो ते ताट नाकाशी नेल्याशिवाय कळत नव्हतं, पण चवीला डोळे लागत नाहीत.

त्या दिवशी त्यांनी मला समुद्राकडच्या खोलीत नेऊन बसवलं. खिडकीबाहेर निळ्या रंगाचा एक पट्टा होता, बस. रेघ वगैरे काही दिसेना. त्या शेजारी बसून सांगत राहिल्या, आता दोन होड्या चालल्यात, आता गरुड आला, आता बंदराकडं कोणीतरी जाळं वाळत घालतंय. मी ऐकत राहिले. समुद्र आदल्या दिवशी डोळ्यांनी पाहिला होता त्यापेक्षा मला या दिवशीचाच जास्त आठवतो.

निघताना त्यांनी पिशवीत सुपाऱ्या, कोकमं आणि कुळीथ भरून दिला. अनंतरावांनी स्कूटरवरून गुहागरच्या स्टँडवर सोडलं आणि कंडक्टरला बजावलं, "यांना दिसत नाय, स्वारगेटला नीट उतरवा." पूर्वी असं कोणी म्हटलं असतं तर मला अपमान वाटला असता. वहिनींनी फाटकात उभं राहून एवढंच म्हटलं होतं, "पोचलात की फोन करा. घरच्या नंबरावर."

स्वारगेटला उतरले तेव्हा दिवे लागले होते, म्हणजे सगळीकडे पिवळे तांबडे गोळे तरंगत होते. रिक्षावाले हाका मारत होते, माणसं धक्के देत होती. नेहमीसारखंच कोणी माझी वाट बघत नव्हतं. भिंतीकडे सरकून मी मोबाईल काढला. तो रात्रभर वहिनींच्या तांदळाच्या डब्यात सुकला होता. नाकाशी धरून नंबर लावला. बराच वेळ वाजला, कोणी उचलला नाही. घरी जाऊन करू, असं मनात आलं. पण गेले नाही. पुन्हा लावला.

या वेळी अनंतराव होते.

"पोचले मी. वहिनींना द्या ना."

"ती सड्यावर गेलीय," ते म्हणाले. "दुपारी एक पाहुना आलाय. एकटाच हाय."

मागून म्हैस हंबरल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "मग त्यांना बोलावू नका. आल्या की सांगा, पुण्याच्या बाई नीट पोचल्या."

"सांगतो," ते म्हणाले. "तिनं दोनदा इचारलं."